घरातला शब्द

धीरजनं खिळा ठोकला, मोठा करून आणलेला आजीचा फोटो त्यावर टांगला आणि दोन पावलं मागे सरून आपल्याच कामगिरीकडे कौतुकानं पाहिलं. समोरच्या खाटेवर त्याचा बाप मगन पडला होता. त्यानं फोटोकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"पाहिलंस ना बा? रडू आलं त्यांना," धीरज आईला म्हणाला.

मगनला रडू आलं की तो कसा दिसतो आणि वीट आला की कसा, हे पन्नास वर्षांच्या संसारात तापीबाईला पुरतं कळलं होतं.

कळसाडीच्या शिवारातल्या विहिरींवरचे पंप मगननं हयातभर दुरुस्त केले. महिन्यामागे त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर सगळं बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, 'बा'. पेज भरवली तरी बा, कूस बदलली तरी बा. परवा धीरज बायकोला घेऊन गाडीनं सुरतेहून आला, तेव्हापासून तर तो पोराच्या तोंडाकडे बघून तेवढंच म्हणत होता आणि मग वाट पाहत होता.

धीरजनं त्याचा अर्थ लावून टाकला होता. गुजरातीत बा म्हणजे आई, हे सुरतेत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारं माणूस पुन्हा लहान होतं आणि आईला हाक मारतं, असं कुणा डॉक्टरनं त्याला मोबाइलवर सांगितलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो डोळ्यांच्या कडा टिपत हेच ऐकवी, आणि माणसं चुकचुकत चहा पिऊन जात. मगननं आपल्या आईला जन्मात बा म्हटलं नव्हतं. ती त्याची जिजी होती. पण एवढं विचारायला धीरजला फुरसत कुठली? त्याला फोटो मोठा करून घ्यायचा होता.

या घरात बा म्हणजे बाप. धीरज बोलायला शिकला तोच या शब्दानं. मगन विहिरीत उतरलेला असला की हे पोरगं भाकरी घेऊन काठावर यायचं, खालच्या अंधाराला भ्यायचं आणि "बा!" म्हणून ओरडायचं. खालून ओ आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मगन दातांत धरलेला पाना काढून आधी ओ द्यायचा, मग पुढचं काम.

बाराव्या वर्षी धीरज शिकायला मामाकडे सुरतेला गेला. हा बापाला आई म्हणतो, असं म्हणून तिथली पोरं हसली. दिवाळीला एसटीतून उतरला तो पप्पा म्हणतच. मगननं मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागे कोण आहे ते. पुढे पप्पाचं डॅडी झालं. मग लग्न झालं. जागृती तिकडचीच, ती सासूला बा म्हणू लागली. त्यात तिची काही चूक नव्हती. पण बायकोचं ऐकून या शहाण्यानंही माय म्हणणं सोडलं आणि आईला बा म्हणायला लागला.

"मी काय तुन्हा बाप शे का?" तापीबाईनं तेव्हा सुनेसमोरच त्याला विचारलं होतं.

मगन ओट्यावर पंपाचा वायसर घासत बसला होता. "ऱ्हाऊ दे," तो मान वर न करता म्हणाला, "शबद घरमाच ऱ्हायना ना."

शब्द घरातच राहिला म्हणतोय तर राहू दे, म्हणून तापीबाईनं ते चालवून घेतलं. नवऱ्याची वस्तू आपल्या नावावर लागली आणि आपण ती वापरत राहिलो, याची तिला आता पोराइतकीच स्वतःचीही चीड येत होती.

आज जेवण करून ते निघणार होते. जागृती बॅग भरत होती. तापीबाईनं धीरजला चुलीपाशी बोलावलं.

"तो जिजीले नही बलाई ऱ्हायना. तुन्हापाशी हाक मांगी ऱ्हायना. जावाना पहिले एक डाव बा म्हन त्याले."

धीरज हसला. ओशाळला की तो असाच हसायचा. "बा, तू पण ना. त्यांना आता काही समजत नाही. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलंय."

"त्याले नही समजत, मंग तुले कसानी लाज वाटस?"

धीरजनं बायकोच्या दिशेनं चोरून पाहिलं. "मी व्हीलचेअर आणली ना?" तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. ती व्हीलचेअर प्लास्टिकच्या कागदासकट कोपऱ्यात उभी होती. असल्या माणसाला आपण नऊ महिने वाहिलं, असं तापीबाईच्या मनात आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

निघताना धीरज खाटेपाशी वाकला, बापाच्या पायांना बोटं लावली. "चलो डॅडी, टेक केअर." मगन म्हणाला, "बा." धीरजनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "हो हो, ती तिथेच आहे." मग तो बाहेर गेला.

मगननं डोळे मिटून घेतले. तापीबाई त्याची चादर सारखी करू लागली तेव्हा पायांशी तिच्या हाताला काहीतरी लागलं. गाडीची चावी. वाकताना खिशातून पडली असणार.

बाहेर धीरज खिसे चाचपत असावा. पिशव्या उघडल्याचे, जागृती वैतागल्याचे आवाज आले. मग अंगणातून हाक आली.

"बा!"

तापीबाईनं सवयीनं तोंड उघडलं.

मगनचे डोळे उघडे होते. दाराकडे लागले होते. डावा हात चादरीतून बाहेर आला होता.

"बा! ओ बा!"

मगनचा ओठ वाकडातिकडा हलला. घशातून घरघर निघाली आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं दुसरा शब्द काढला.

"ओ."

आवाज जेमतेम उंबऱ्यापर्यंत गेला असेल. तापीबाईनं तोंड मिटलं. चावी मुठीत घट्ट धरली आणि ती खाटेच्या कडेला, दाराकडे पाठ करून बसली.

"बा! अरे, कुठे आहेस?" अंगणातून धीरज पुन्हा ओरडला.

"ओ," मगन म्हणाला.

तापीबाईनं ओ दिली नाही.