बिनरंगाचा दोर

मी एक जुना रहाट आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे, दोर वळायचा! हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला बघायला येणारी निम्मी मंडळी "विहीर कुठंय?" असं विचारतात आणि माझं डोकंच फिरतं. माझं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आहे. समोर चार लोखंडी आकडे आहेत. मूठ फिरवली की ते गरागरा फिरतात आणि त्यांना अडकवलेल्या धाग्यांना पीळ बसतो. एवढंच माझं काम, पण त्यावर एक अख्खं बेट जगलं.

आमचं बेट म्हणजे समुद्रातला एक मोठा खडक. धान्य पिकत नाही, गोडं पाणी बेताचंच. उगवतं ते घायपात, आणि तेही कुणी लावलेलं नसतं. फार पूर्वी दोर तुटलेलं एक जहाज इथे येऊन लागलं. खलाशांनी घायपाताची पानं ठेचली, त्यातला वाख, म्हणजे पांढरे चिवट धागे, काढून नवे दोर वळले आणि त्या कामासाठी जहाजाच्या मोडक्या फळ्यांतून मला घडवलं. निघायची वेळ आली तेव्हा निम्म्यांना इथून हलावंसंच वाटेना. तेच आमचे पहिले रहिवासी. पुढे बेटावर एकामागून एक तीन सरकारं आली. प्रत्येकाने थाटात आपला झेंडा चढवला, आणि प्रत्येक झेंड्याची दोरी माझ्याच आकड्यांवर वळलेली होती. मी कधी कुणाची बाजू घेतली नाही.

दोर वळणारा कंबरेला वाखाचा जुडगा बांधतो, टोक माझ्या आकड्याला अडकवतो आणि धागा सोडत सोडत मागे चालत जातो. दिवसभर उलटं चालणं! त्यामुळे आमच्या बेटावरची माणसं मागे न बघता मागे चालण्यात पटाईत. पोरं तर शाळेतून घरीसुद्धा उलटी चालत येतात आणि आयांच्या शिव्या खातात.

आणखी एक रीत होती. दोराच्या तीन पेडांच्या मधोमध एक रंगीत धागा घालायचा. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. दोर कुठेही तुटला तरी आतला रंग बघून तो कुणाच्या घरचा ते कळायचं. जेटीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक घराचा खिळा आणि खिळ्याला त्या घराचा धागा. फळीवर खिळा असणं म्हणजे बेटावर काहीतरी मान असणं. एकेकाळी तिथे चाळीस खिळे होते आणि आमच्या लांबलचक छपराखाली माझ्यासारखे वीस रहाट घरघरत होते.

मग नायलॉन आलं. जहाजांनी आमच्याकडे पाठ फिरवली. एकेक रहाट मोडीत गेला, कुणाचं जळण झालं, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. उरलो मी एकटा, आणि मला सांभाळणारे आबा. त्यांचा रंग निळा. होड्यांना आणि गुरांना लागतील तेवढे दोर ते वळत राहिले. आबांचा मुलगा बोटीवर इंजिन सांभाळायचा. त्याला दोरात गम्य नव्हतं. आबांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी मला धास्ती पडली. आबांनंतर माझ्याजवळ कोण उभं राहणार?

तेवढ्यात पलीकडच्या किनाऱ्यावरून सूनबाई आली. पहिल्याच दिवशी माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "आबा, मला शिकवाल?" आबा हसले, पण त्यांनी शिकवलं. उलटं चालताना ती खांबावर इतक्यांदा आपटली की शेजारच्या काकूंनी खांबाला गोधडीच गुंडाळून ठेवली. वर्षभरात मात्र तिचा हात असा बसला, की पीळ कुठे सैल नाही की कुठे घट्ट नाही. मला तो आकड्यांवर जाणवायचा ना!

मग तिने पहिला दोर स्वतः करायला घेतला. जाडजूड, बोट बांधण्याजोगा. तिन्ही पेड तिने एकटीने वळले. आबांनी मध्ये निळा धागा ठेवला आणि ते जेवायला गेले. त्यांना चकित करावं म्हणून सूनबाईने काकूंना मुठीवर बसवलं आणि दोर पुरा करायला घेतला. बघते तर पेडांमध्ये एक निळा धागा! कुणाच्या तरी कपड्याचा निघून पडला असेल, असं वाटून तिने तो अलगद काढून टाकला. आजवर पेड एकत्र वळायचं काम आबाच करायचे आणि ती लांब मुठीवर असायची, त्यामुळे रंगाचा धागा तिने कधी बघितला नव्हता आणि रंगाची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. बेटावर ती कुणी कुणाला सांगतच नाही, सगळ्यांना ठाऊकच असते. आणि काकू मुठीवर, चाळीस पावलं लांब.

आबा परत आले, त्यांनी दोराचं टोक उलगडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, काय केलंस हे! बिनरंगाचा दोर! हा कुणाचा म्हणून सांगायचं?"

"माझा. मीच वळलाय ना, आबा."

"फळीवर खिळा आहे का तुझा? तू आपली मूठ फिरव."

दोर बाकाखाली गेला. पुढची दोन वर्षं सूनबाईने मूठ फिरवली. तिचा हात मुठीवर जडशीळ झालेला असायचा. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो. पण रहाटाला कोण विचारतो?

एके दुपारी वारा अचानक पिसाळला. समोरच जेटीला बोट लागत होती. शाळामास्तर, बाजार घेऊन आलेल्या बायका, सात शेळ्या आणि आबांचा मुलगा, सगळे बोटीवर. एका लाटेसरशी बोटीचा नायलॉनचा दोर तुटला. बोट खडकांकडे सरकायला लागली. बंदरमास्तर धावत आमच्या छपरात शिरले. "आबा, दोर! असेल तो द्या!"

वळलेले दोर आदल्याच दिवशी रवाना झाले होते. सूनबाई बाकाखाली वाकली, दोर खांद्यावर टाकला आणि धावली. माझ्या दारातून मला सगळं दिसत होतं. दोराचं एक टोक जेटीच्या खुंटाला बांधलं, दुसरं बोटीवर फेकलं. दोर ताणला गेला, कण्हला. आता तुटतो, मग तुटतो! तासभर वाऱ्याने त्याच्याशी झोंबी घेतली, पण पठ्ठ्या हटला नाही. एकेक करून सगळे उतरले. शेळ्यासुद्धा.

वारा पडल्यावर माणसं दोराभोवती जमली. बंदरमास्तरांनी टोक उलगडलं. आत रंगच नाही. तरी ते म्हणाले, "हे आबांचंच काम! दुसरं कोण करणार असलं? उचला रे आबांना!"

आबांनी सुनेकडे पाहिलं. ती नवऱ्याचे ओले केस पदराने पुसत होती. तिने मान वर केली नाही. चाळीस वर्षांत आबांना अशी शाबासकी मिळाली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलंही नसतं.

"थांबा," आबा म्हणाले. "मी नाही वळला हा. माझ्या सुनेनं वळलाय. मी तर टाकून दिला होता बाकाखाली. आधी तिचा खिळा ठोका, मग मला कुठे उचलायचं ते उचला."

सूनबाई मटकन जेटीवरच बसली आणि रडायला लागली. मग रडता रडता म्हणाली, "मला केशरी रंग हवाय."

आता मला रोज तेल मिळतं. बघायला माणसं येतात, विहिरीची चौकशी करतात. मी खुशीत आहे. तुम्हाला एकच विनंती आहे. चांगली बनलेली एखादी वस्तू हातात आली, तर ती कुणी केली ते विचारा, आणि त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा. आबांना हे कळायला दोन वर्षं लागली. पण कळलं ते पुरतं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई नेहमीप्रमाणे मुठीकडे आली, तर तिथे आधीच आबा बसलेले. कंबरेला बांधायचा वाख त्यांनी तिच्यापुढे धरला.

"तू चाल," ते म्हणाले. "मी फिरवतो."