कापसाच्या ढिगाखालचा राउटर

मित्रांनो, मी एक जुना वायफाय राउटर आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, असं म्हणतात. मला ते जमणार नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला. हवा खेळावी म्हणून अंगाला जाळी दिली, डोक्यावर दोन शिंगं बसवली. तिथून खोक्यात बसून मी मारेगाव तालुक्यातल्या एका गावी, भगवानरावांच्या घरी आलो. त्यांची मुलगी सुरभी नर्सिंग शिकली होती. नागपूरच्या एका दवाखान्याची मुलाखत तिला मोबाइलवरून द्यायची होती. मला आणलं ते त्यासाठीच.

जोडणीवाल्याने नीट समजावलं, "काका, याले घराच्या मधात, उंचावर ठेवा. मोकळी हवा लागते याले. अन् पासवर्ड बदलवा."

"समोरच्या खोलीतच लावा," भगवानराव म्हणाले. "आल्यागेल्याले दिसलं पाह्यजे."

झालं! खालच्या प्लगपाशी, भिंतीला टेकून, फरशीवर माझी स्थापना झाली. पासवर्ड माझ्या पाठीवर छापलेला होता, तोच राहिला. भगवानरावांनी तो पानठेल्यावर ऐटीत सांगून टाकला. मग काय, संध्याकाळी निम्मं गाव आमच्या ओट्यावर सिनेमे बघायला! "काय स्पीड हाय, भाऊ!" लोक म्हणायचे. कौतुक भगवानरावांचं व्हायचं आणि राबायचो मी.

मग कापसाची वेचणी सुरू झाली. भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, ही इथली रीत. समोरची खोली रिकामी केली. खाट हलवली, खुर्च्या हलवल्या, कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलं. मला मात्र कोणी उचललं नाही. माझ्या अंगावरच कापूस ओतला आणि ढीग खिडकीपर्यंत चढवला. माझी जाळी बुजली. मी तापायचो, बंद पडायचो, जरा निवलो की सुरू व्हायचो आणि पुन्हा तापायचो.

अशातच मुलाखतीचा दिवस आला. "म्याडम, आवाज तुटून राह्यला... म्याडम, मले आयकूच नाही येऊन राह्यलं!" सुरभी मधल्या खोलीतून ओरडत होती. उद्या दुपारी शेवटची संधी, एवढं सांगून तिकडून फोन बंद झाला. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली.

"डब्बाच बोगस हाय," भगवानराव म्हणाले. बोगस मी? मला गाडलं कोणी?

पण खरा कहर पुढे आहे. ओला कापूस भरला तर ढीग आतून तापतो. म्हणून भगवानराव रोज सकाळी त्यात हात घालून बघतात. दुसऱ्या दिवशी भिंतीकडचा कापूस त्यांना गरम लागला. ते बायकोवर, तानाबाईंवर, कडाडले, "दवाचा ओला कापूस कायले वेचला वं? सारा ढीग तापला!"

"दव सुकल्याबिगर मी बोंडाले हात नाही लावला," तानाबाई म्हणाल्या. "वरवर हात घालता अन् मले बोलता? थांबा!"

पदर खोचून त्या ढिगात खांद्यापर्यंत शिरल्या. हाताला चटका बसला तरी त्यांनी सोडलं नाही. मला वर काढून नवऱ्यासमोर धरलं. "हा पाहा तुमचा ओला कापूस! पेटला असता तं घर गेलं असतं!"

गाठोडी बांधून भगवानरावांनी एकट्याने सगळा कापूस मागच्या खोलीत नेला. सुरभीने माझी गुंडाळलेली वायर सोडली आणि मला मधल्या खोलीत, सिग्नल अडवणाऱ्या लोखंडी कपाटापासून दूर, उंच फळीवर ठेवलं. पासवर्डही बदलला. दुपारी म्याडमचा शब्दन् शब्द ऐकू आला. आज सुरभी नागपुरात नोकरीला आहे आणि माझ्यामार्फत रोज आईशी बोलते.

मित्रांनो, राउटर उंचावर आणि मोकळा ठेवा, पासवर्ड गावभर वाटू नका. आणि कोणालाही बोल लावायच्या आधी हात तळापर्यंत घाला. भगवानराव आता रोज सकाळी ढिगात हात घालतात आणि मग येऊन माझ्याही अंगाला हात लावून बघतात. मी गार असतो. राग मात्र गेलेला नाही, कारण तानाबाईंना ते अजून "चुकलं माह्यं" म्हणालेले नाहीत.