दोन डाव्या बाह्या

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तरी गल्लीत मला मास्तरीण म्हणतात. शाळेची नव्हे, कटिंगची. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याचा खांदा, छाती आणि लपवलेलं पोट मी नजरेनेच मापून मोकळी होते. गळ्यात टेप असते ती त्याच्या समाधानासाठी. चाळीस वर्षं मी कापते आणि आमचे हे शिवतात. खडूची रेघ मी ओढायची, यांनी मशीन त्या रेघेवरून न्यायचं. संसारही तसाच चालला. मुलाची शाळा, मुलीचं लग्न, छपराचे पत्रे, सगळं मी ठरवलं. यांचं एकच पालुपद, मास्तरीण म्हणेल तसं.

यंदा यांची शिवण रेघ सोडून चालायला लागली. उजवा डोळा लहानपणीच गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर, आणि आता त्यातही धूर भरलेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा तपासलं. ऑपरेशन केलं तर नजर परत येईल, नाहीतर आहे तेवढीही जाईल, असं म्हणाल्या. नाही केलं तर अशीच धुरकट किती दिवस पुरेल, सांगता येत नाही. मी म्हटलं, हो की नाही ते सांगा. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, आतल्या पडद्यापर्यंत मला दिसतं. पुढचं खरंच माहीत नाही."

एवढी पुस्तकं मग काय उशाला घेतली होती का, असं मी विचारलंच. यांनी माझ्या ओढणीचं टोक हळूच ओढलं. घाबरले की हे तसं करतात. मला वाटलं, माझ्या तोंडाला घाबरले असतील.

घरी आल्यावर यांना विचारलं, तर पुन्हा तेच, मास्तरीण म्हणेल तसं. पहिल्यांदा ते शब्द मला जड गेले. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं.

कशाचा निर्णय होत नसेल तर दोन रकात, म्हणजे दोन फेऱ्या, नमाज पढून अल्लाहकडे वाट विचारायची, त्याला इस्तिखारा म्हणतात. माझ्या आईने मला त्याची दुआ लहानपणी घोकून घोकून पाठ करून घेतलेली. वर सांगितलेलं की, पढून झोपायचं, स्वप्नात हिरवं-पांढरं दिसलं तर हो समजायचं आणि लाल-काळं दिसलं तर नाही. मी दुपारची नमाज झाल्यावर वेगळ्या दोन रकात पढले, दुआ म्हटली आणि आडवी झाले. स्वप्नात काय दिसावं? आमच्या दुकानातला बटणांचा डबा. हिरवी, लाल, काळी, पांढरी, सगळी बटणं एकात एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा पढले, तर डबाही आला नाही, नुसती घोरले. सून म्हणाली, शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटले. स्वप्न नाही तर नाही, माझी अक्कल कुठे गेलीय? करायचंच ऑपरेशन. त्यानंतर डोक्यावरून कपडा ओढायचा नाही, म्हणून यांच्यासाठी समोरून उघडणारा शर्ट कापायला घेतला. बारीक रेघांचं कापड होतं, एकाच बाजूने छापलेलं. तुकडा अपुरा म्हणून घडी न घालता एकेक बाही वेगळी कापली. सुनेने तुकडे उचलले आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं? कापड चावलं का?"

"अम्मी, दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

आठवड्याभरापूर्वी शिकायला आलेल्या मुलीने करावी अशी चूक. एक बाही उलटी ठेवून कापायची असते, हे मी किती जणींना कानाला धरून शिकवलं असेल. मी तुकडे हिसकावून घेतले, फिरवले, उलटे केले. बाही काही उजवी झाली नाही. खाली बसले.

सून शेजारी बसली. शाळेत शिकवते ती. एरवी माझ्यासमोर तोंड उघडताना दहा वेळा विचार करते. हळूच म्हणाली की चूक दाखवलीच आहे तर आणखी एक दाखवते, रागावू नका. स्वप्न बघायचं असं त्या दुआत कुठेच नाही. मग तिने मला अर्थ सांगितला. या अल्लाह, तुला माहीत आहे, मला माहीत नाही. तुझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही. यात भलं असेल तर सोपं कर, नसेल तर आम्हाला यापासून वळव. भलं जिथे असेल तिथून दे आणि मग माझं मन त्यावर राजी कर.

पन्नास वर्षं मी ही दुआ पाठ म्हणत होते. "मला माहीत नाही" असं अल्लाहपुढे कबूल करत होते आणि मलाच पत्ता नव्हता. एरवी ते शब्द माझ्या तोंडून कुणा माणसाने ऐकले नसतील.

हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून पुन्हा दोन रकात पढले. या वेळी झोपले नाही. यांच्याजवळ गेले. हे मशीनवर बसून बोटांनी टाके चाचपत होते.

"मला कळत नाही," मी म्हटलं. "काय करावं, खरंच कळत नाही मला."

यांचे हात थांबले. मशीनवरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला करायचंय गं. पहिल्या दिवसापासून. तू ठरवशील म्हणून बोललो नाही."

तेव्हा ती ओढलेली ओढणी आठवली. चाळीस वर्षांत किती वेळा ओढली असेल, आणि मी काय काय समजले असेन. यांचा हात हातात घेऊन तिथेच बसले. गिऱ्हाईक आलं, सुनेने पिटाळलं.

कापड उरलं नव्हतं, नवं आणायला वेळही नव्हता. सुनेने तोच शर्ट शिवला आणि यांना काही सांगायचं नाही असं आमच्यात ठरलं. ऑपरेशन झालं. चार दिवस डोळ्यावर पट्टी. मी रोज यांच्या उशाशी बसून दुआतला शेवटचाच तुकडा म्हणत होते, मन राजी कर. बाकी सगळं मागणं सोपं असतं, हे फार अवघड.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि काय दिसतं ते विचारलं. हे खिडकीकडे बघत राहिले. मग बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले.

"ही बाही डावी आहे."

"दिसली की जाणवली?" मी विचारलं.

"जाणवली चार दिवसांपूर्वीच, घालताना. आता दिसतेय. अंधुक."

रेघा मोजता येतात का, असं बाईंनी विचारलं. नाही, म्हणाले. पुढे आणखी सुधारेल का, ते आताच सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या आणि जरा बिचकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नका सांगू, चालेल.

आता सुईत दोरा मी ओवून देते, मशीन हे चालवतात. कधी रेघ सुटते, मी उसवते, काही बोलत नाही. म्हणजे, फारसं बोलत नाही. तो शर्ट फेकायला काढला होता, तर यांनी पुन्हा अंगात घातला. म्हणतात, मास्तरीणबाईंची एवढी एकच चूक माझ्या वाट्याला आली आहे, ती मी कशाला देऊ?