बरे असाल तर एक दाबा

ऑफिसात तिला सगळे फुंकरबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत असं नाही, तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देत असे. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं, कारण तिचं कामच विझवायचं होतं. कंपनीचा सगळा कारभार भाड्याने घेतलेल्या संगणकांवर चाले. ते संगणक कुठेतरी लांब, बिनखिडक्यांच्या अवाढव्य शेडमध्ये रांगेने उभे होते, आणि लोक त्याला क्लाउड म्हणत. क्लाउड म्हटलं की माणसाला वाटतं, वर काहीतरी पांढरं, हलकं, फुकटात तरंगतंय. हा गैरसमज काढण्याचा फुंकरबाईला पगार होता. कुठलं यंत्र किती वीज खातं, त्या तासाला ती वीज कोळशाची होती की उन्हावाऱ्याची, आणि त्यापायी किती किलो धूर निघाला, हे ती मोजायची आणि मग तो कमी करायची. जड कामं ती भर दुपारी लावी, उन्हाची वीज उतू जाते तेव्हा. जे यंत्र रोज तासभरच लागतं ते तासभरच चालू ठेवी. आणि जे कुणालाच लागत नाही ते कायमचं बंद करी.

अशी यंत्रं काय कमी असतात? हौशी माणसं भाड्याने यंत्र घेतात, चार दिवस खेळतात, नोकरी सोडून जातात, आणि ते बिचारं रिकाम्या घरात पंखा फिरावा तसं फिरत राहतं. मालक शोधायचा तर कुठे शोधायचा? त्यावर या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. फुंकरबाईच्या ऑफिसात तिला बोंबचाचणी म्हणत. यंत्र सरळ बंद करायचं आणि कान टवकारून बसायचं. ज्याचं असेल तो बोंब मारत येतो. महिनाभर कुणीच आलं नाही, तर यंत्र आतल्या सगळ्या माहितीसकट पुसून टाकायचं.

पूर्वी पुसण्याआधी एक प्रत काढून ठेवत. फुंकरबाईने भांडून तो नियम मोडायला लावला. प्रतींनाही वीज लागतेच. ''गेलेल्या पाहुण्याचं अंथरूण किती दिवस घालून ठेवायचं?'' असं तिने भर मीटिंगमध्ये विचारलं, आणि साहेबांनी तिथेच सही केली. साहेब मनाने वाईट नव्हते. दर महिन्याला ती आकडे घेऊन गेली की ते एकच विचारत, ''म्हणजे किती झाडं?'' धुराचं झाडांत रूपांतर केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. ती नाक मुरडून झाडं सांगायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बोंबचाचणीवरून थट्टा चालली होती. साहेब म्हणाले, ''बाई, तुम्ही स्वतः चार दिवस बंद पडलात, तर कोण बोंब मारेल हो?''

टेबल हसलं. तीही हसली, आणि अर्ध्या डब्याला झाकण लावलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन खोल्यांत ती एकटी. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर इस्त्रीच्या कपड्यांनी कायमचं ठाण मांडलं होतं. एक भाऊ होता, दुसऱ्या गावी. तो रोज सकाळी सगळ्या ओळखीपाळखीच्यांना मिळून एक फुलांचं चित्र पाठवी. ''दादा, या फुलांचाही धूर होतो रे,'' असं ती एकदा म्हणाली होती, तर वहिनीला राग आला. तेव्हापासून ती फुलं निमूटपणे बघायची. फुलांखाली भावाने कधी तिच्यासाठी वेगळा शब्द लिहिला नव्हता.

तर साहेबांचा प्रश्न तिच्या डोक्यात रुतून बसला. माणूस ज्या धंद्यात मुरतो त्याच धंद्याने विचार करतो. सुट्ट्यांना रजा जोडून ती घरी बसली. तिने फोन बंद केला, पिठाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. आता बघूच, म्हणाली. कुणाला म्हणाली? भिंतीलाच.

पहिला दिवस तिने माळा आवरला. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोण कधी दिवा लावतं ते पाहिलं. शेजारच्यांचा मिक्सर भिंतीपलीकडे फिरायचा तेव्हा तिला बरं वाटायचं, तो थांबला की घर अंगावर यायचं. तिसऱ्या दिवशी तिने दुधाला सांगितलं, ''उतू जाऊ नकोस.'' आपला आवाज ऐकून ती दचकली. पिठाच्या डब्याकडे मात्र तिने हात नेला नाही. चाचणी म्हणजे चाचणी.

रजा संपल्यावर फोन काढला, पीठ फुंकून चालू केला. भावाची फुलं आली होती, दिवसाला एक. बँकेचा निरोप होता. ऑफिसातल्या यंत्रांनी आपणहून पाठवलेले अहवाल होते. 'कुठे आहेस गं?' असं कुणीच विचारलं नव्हतं. नियमाने महिनाभर वाट बघायला हवी होती, पण निकाल दिसत असताना महिनाभर कशाला बसायचं? तिने दुसरी खुर्ची रिकामी करायला घेतली होती, ते कपडे पुन्हा तिथेच ठेवले.

कामावर गेली तेव्हा पहिलं वाक्य बोलताना तिचा घसा खरखरला. न बोलून आवाजाला गंज चढतो. मग ती आपल्या जागी बसली आणि महिना उलटून गेलेली यंत्रं पुसायला लागली. त्यांतल्या एकाचं नाव होतं 'चाचणी-जुनी'. या धंद्यात चाचणी म्हणून केलेल्या गोष्टी जन्मभर चालतात आणि जन्मभरासाठी केलेल्या दुसऱ्या वर्षी मरतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एरवी ती असल्या नावापाशी थबकली असती. बंद करण्याआधी त्या यंत्राच्या विजेचा आलेख सपाट होता, फक्त रोज सकाळी एक बारीकसा काटा वर यायचा. काहीतरी आपोआप होणारी साफसफाई असेल, म्हणून तिने मागेच सोडून दिलं होतं. महिन्याभरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. तिला त्या यंत्राची थोडी चीडच आली. तुझंही कुणी नाही ना, मग जा. तिने बटण दाबलं.

दुपारी स्वागतकक्षातली मुलगी आत आली. ''फुंकरबाई, एक काका आलेत. बंद झालेल्या गोष्टींचं म्हणताहेत, म्हणजे तुमच्याकडेच. मागच्या आठवड्यातही येऊन गेले. मी तुम्हाला किती फोन लावले, तुमचा बंद!''

फुंकरबाई तिच्याकडे पाहतच राहिली. यंत्र बंद केलं की ऐकणारा बाहेर जागा असतो, तेव्हा चाचणी होते. इथे तिने कानच पिठात पुरून ठेवले होते, आणि कुणी हाक मारली नाही म्हणून रडत बसली होती. कुणी फोन लावत होतं हे बंद फोनला कळणार तरी कसं? इतकी वर्षं याच कामात घालवलेल्या बाईला एवढं सुचू नये!

काका बाहेरच्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, दाढी ताजी केलेली, सदरा गळ्यापर्यंत लावलेला. मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यावर कंपनीचं नाव होतं.

''मी बस चालवायचो,'' त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. ''एक विचारायचं होतं. ती मुलगी आजारी आहे का?''

''कुठली मुलगी?''

''सकाळी फोन करते ती. 'नमस्कार, बरे असाल तर एक दाबा, बरं नसेल तर दोन दाबा.' मी एक दाबतो. मग ती म्हणते, 'छान, उद्या बोलू.' महिना झाला, फोन नाही. आधी वाटलं, माझ्याच हातून चुकून दोन दाबला गेला. पण दोन दाबला तर घरी माणूस येतं असं तुम्ही सांगितलेलं. कुणी आलं नाही. म्हणजे चूक माझी नाही. मग म्हटलं, तिलाच काही झालं की काय?''

फुंकरबाई त्यांच्या शेजारी बसली. तो रोज सकाळचा काटा तिच्या डोळ्यांपुढे आला.

''काका, ते रेकॉर्ड केलेलं होतं,'' ती हळूच म्हणाली. ''यंत्र बोलायचं.''

''तेवढं कळतं हो मला,'' काका हसले. ''पण कुणीतरी आधी बोललं असेलच ना? आवाज कुणाचा तरी असतोच.''

''मग तुम्ही लगेच का नाही आलात? ओरडायचं ना आम्हाला!''

''ओरडायचं कशाला? फुकटचा फोन, आमचा हक्क थोडाच होता? वाटलं, यादीतून काढलं असेल. काढतात.''

ती तशीच उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना आठवायला थोडा वेळ लागला, मग त्यांचा चेहरा उजळला. ''अरे हो, तो उपक्रम! एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी. आपल्याकडे एक मुलगी होती, तिनेच सगळं उभं केलं, आवाजही तिचाच. छान फोटो आले होते. अजून चालू होतं ते? आपण त्याच्या पुढच्या वर्षी झाडं लावली की.''

''दोन दाबलं तर निरोप कुणाला जायचा?''

''तिलाच.'' साहेबांचा आवाज उतरला. ''ती तर केव्हाच सोडून गेली. तिचा ईमेलचा पत्ताही आपण बंद केला तेव्हाच.''

म्हणजे या सगळ्या काळात कुणी दोन दाबलंही असेल, आणि दाराकडे डोळे लावून बसलं असेल. यंत्रात सगळ्यांचे नंबर होते. यंत्र सकाळी पुसलं होतं. प्रत नव्हती, कारण प्रत ठेवायची नाही हा नियम तिचाच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर निदान पाय तिचा असता. हा धोंडा भलत्यांच्याच पायावर पडला होता. आणि वाचवायला लागणार होतं ते किती? रोज सकाळी पंधरा मिनिटं यंत्र चालू, बाकी दिवसभर बंद. धूर जवळजवळ नाहीच. दुसऱ्यांच्या यंत्रांना ती हे रोज करून देत होती. या एकाला तिने साधं विचारलंही नव्हतं, कारण त्याच्या बाजूने कुणी ओरडलं नाही. आणि ज्यांना ओरडायची सवयच मोडलेली असते ती माणसं बोंबचाचणीत नापासच होणार, हे तिला स्वतःवरूनच कळायला हवं होतं.

ती बाहेर आली. ''काका, यंत्र मी बंद केलं. आज सकाळी पुसूनही टाकलं. माझी चूक झाली.''

काकांनी पिशवीची घडी घातली, उलगडली. ''असू दे. मुलगी बरी आहे ना?''

''ती दुसरीकडे काम करते. बरीच असेल.''

''मग झालं.''

''तुमच्याबरोबर आणखी किती माणसं होती, आठवतं?''

''नावं घेतली त्या दिवशी हॉल भरला होता. चहा पुरला नाही.'' ते आठवत म्हणाले. ''ओळख कुणाचीच नाही. जो तो आपापला फोन घेऊन गेला.''

तिने काकांचा नंबर घेतला. भरल्या हॉलमधला एवढा एकच नंबर तिच्या हाती उरला होता. त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, तर रस्ता ओलांडताना त्यांनी मागे वळून हात केला, बस सुटताना ड्रायव्हर करतात तसा. जागेवर येऊन ती बसली खरी, पण त्या दिवशी तिने पुढचं एकही यंत्र पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून तिने फोन लावला. एक घंटी पुरी व्हायच्या आत उचलला गेला. ती घसा खाकरून म्हणाली, ''नमस्कार. बरे असाल तर एक दाबा. बरं नसेल तर दोन दाबा.''

कानात टूं वाजलं. एक.

''छान,'' ती म्हणाली. ''उद्या बोलू.''

''थांबा, थांबा,'' काका घाईने म्हणाले. ''त्या मुलीला विचारता यायचं नाही, ती ऐकायचीच नाही. तुम्ही ऐकताय. तुम्ही बऱ्या आहात का?''

''मी? मी काय, मजेत...''

''तसं नको. बोलण्यात माणूस काहीही सांगतो. दाबा.''

फुंकरबाई हसली. तिने फोन कानापासून काढून समोर धरला आणि आकडे उघडले. आकड्यांच्या फटीत पिठाची रेघ नव्हती, काचेवर कुठून येणार, पण कडेला अजून थोडं पांढरं होतं. शेजारचा मिक्सर फिरून थांबला. दुसऱ्या खुर्चीवर कपडे होते. तिचं बोट सवयीने एकवर गेलं. आईच्या दिवसांनंतर जो कुणी विचारी त्याला तिने हेच सांगितलं होतं, मी बरी आहे, माझं काय. त्यानंतर विचारायचंच सगळ्यांनी सोडलं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा? तिने कधी बोंब मारलीच नव्हती.

तिने बोट सरकवलं आणि दोन दाबलं.

पलीकडे कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला, पेन सापडेपर्यंतची शोधाशोध ऐकू आली.

''हं,'' काका म्हणाले. ''पत्ता सांगा.''