डायरेक्ट जोडून घ्या

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने सुतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालतं.

"रोज सकाळी सेफ्टी स्विच पडतोय," ते म्हणाले. "वर केला की थोड्या वेळाने परत खाली."

कुठे करंट गळायला लागला की हा स्विच सगळी लाइन तोडतो. माणूस वाचावा एवढ्यासाठीच तो बसवतात. तीस वर्षं मी लोकांना हे कानीकपाळी ओरडून सांगत आलोय. पण त्या शेडचं वायरिंग मी स्वतः केलेलं, अकरा वर्षांपूर्वी, ताईचं घर म्हणून जीव ओतून. त्यात खोट असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

"स्विच म्हातारा झालाय," मी म्हणालो. "डायरेक्ट जोडून घ्या. रविवारी येऊन नवा बसवतो."

"चालेल ना रे तोवर?"

"मी सांगतोय ना!"

दुसऱ्या कुणी असा सल्ला दिला असता तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

रविवारी गेलो. भाऊजींनी स्विच वगळून वायरी सरळ जोडल्या होत्या, त्याही अगदी नीटनेटक्या. मी नवा स्विच बसवला. सगळे प्लग काढून तो वर केला, टिकला. मग एकेक यंत्र चालू करत गेलो. करवत, रंधा, ड्रिल, शेवटी पंखा. स्विच जागचा हलला नाही.

"बघा," मी म्हणालो, "स्विचच गेला होता. माझं वायरिंग आहे ते."

ताई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. विजेला ती पहिल्यापासून भिते. मी तिला आतूनच हाक मारली, "ये गं, आता काही चावत नाही इथे!"

आणि खट्कन स्विच पडला. त्याच क्षणी बाहेरून ताई किंचाळली.

आम्ही धावलो. ओली चादर चिखलात पडली होती आणि ताई उजवा हात छातीशी धरून उभी होती. पायात काही नव्हतं. रबरी चपला भिजल्या म्हणून तिने बाजूला काढून ठेवल्या होत्या.

"काही नाही रे," ती म्हणाली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. "चार दिवस हाताला झिणझिण्या येतायत. शुगरचं असेल. आज जरा जोरात आली."

कपडे वाळत घालायच्या तारेचं एक टोक शेडच्या पत्र्याला बोल्टने आवळलेलं होतं. मी मेन बंद केला, बोर्डावरची प्रत्येक लाइन दोन्ही बाजूंनी सोडवली आणि एकेक तपासत गेलो. बाहेरच्या दिव्याच्या बटणाकडे जाणारी वायर सापडली. ती पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी कडी बसवायची असते. त्या वेळी माझ्याजवळच्या संपल्या होत्या, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. तो सडून गळून गेला होता. पत्र्याच्या धारेने वायरीची साल कापली होती आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. पहाटेच्या दवाने पत्रा ओला झाला की करंट जमिनीत गळायचा आणि जुना स्विच इमानेइतबारे पडायचा. आज पत्रा वाळलेला होता म्हणून नवा टिकला, आणि ताईच्या ओल्या हातातून करंटला वाट मिळाली तेव्हा पडला. त्याला म्हातारा म्हणून मी बाजूला काढायला लावलं होतं. नंतरचे चार दिवस ताई आणि मरण यांच्यामध्ये नुसत्या चपला होत्या.

तिने सगळं ऐकलं आणि भाऊजींकडे वळली. "अहो, मला न विचारता स्विच काढायची बुद्धी तुम्हाला झालीच कशी?"

"चुकलं माझं," भाऊजी म्हणाले. खाली मान घालून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी गप्प बसलो असतो तर ते आयुष्यभर बोलले नसते, हे मला त्या मानेकडे बघूनच कळलं. आणि खरं सांगतो, दोन-तीन श्वास मी गप्प बसलोही. त्याची लाज मला अजून वाटते.

"ताई, त्यांना बोलू नकोस," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं. स्विच काढायला मी सांगितलं, आणि ही वायरही माझीच."

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तिने चिखलातली चादर उचलली आणि बादलीत टाकली.

"पहिल्या दिवशीच तुला फोन लावला होता," ती म्हणाली. "तारेला हात लावला की झिणझिणतं, हे सांगायला. रिंग जायच्या आत बंद केला. म्हटलं, तू हसशील."