पातळ सालीचा दाणा

मी वाटाणा बोलतोय. तुमच्या घरातला गुबगुबीत नव्हे, त्याचा फार जुना रानटी पणजोबा. अंगानं मिरीएवढा.

आमच्या उतारावर पुष्कळ वेली होत्या. सगळ्या चुलतभावांची साल दगडासारखी, आमच्या एका वेलीचीच पातळ. "तुला मातीत झोपच लागायची नाही," असं ते चिडवत. त्यांचं खरंच होतं. जाड सालीचे दाणे चार-चार वर्षं जमिनीत निवांत पडून राहतात आणि बरा हंगाम बघून उठतात. मला तेवढा धीर नव्हता, आणि त्याची लाज वाटायची.

एका घरच्या सुनेनं आम्हाला वेचून नेलं. एकच खोली, मधोमध चूल, कोपऱ्यात दाण्यांची टोपली, तीही तळाला गेलेली. "रोज एवढी पायपीट करण्यापेक्षा दारातच लावते," म्हणत तिनं ओंजळभर दाणे पुरले. त्यात आमच्या वेलीचा मी एकटाच.

सासूबाई संतापल्या. "खायचे दाणे मातीत घालतेस? आठ दिवसांत काही उगवलं नाही, तर पुन्हा टोपलीला हात लावायचा नाही."

आठ दिवस झाले. वर हिरवं काही दिसेना. सासूबाई काडी घेऊन बसल्या आणि एकेक दाणा उकरून काढू लागल्या. भाऊ ढाराढूर झोपलेले, जसेच्या तसे. ते थेट भांड्यात गेले. सून दारात ओठ चावत उभी होती.

शेवटी काडी माझ्यापाशी आली. माझी साल फाटून पांढरा मोड बाहेर आला होता. आता संपलंच, असं मला वाटलं.

सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"अगं, हा उठलाय," त्या हळूच म्हणाल्या आणि बोटानं माती परत लोटली. "पाय देऊ नकोस इथं."

भाऊ भांड्यात पडले, माझा जीवही पडला, पण वेगळ्या अर्थानं.

माझ्या वेलीला चाळीसेक दाणे आले, सगळे पातळ सालीचे. सासूबाईंनी त्यातले अर्धे निवडून वाटीत काढले. सून लांबच उभी राहिली.

"अशी काय बघतेस? धर. पेरायचे आहेत. मी मागितले तरी द्यायचे नाहीस."

तेव्हापासून मी माणसांच्या दारातच आहे. रानात आता माझा निभाव लागणार नाही. पण झोप न लागणं हा माझा दोष नव्हता, हे कळल्यावर फार हलकं वाटलं. शिजवा मला खुशाल. फक्त मूठभर मागे ठेवा.