वरून अंडं न लावलेले दोन

अकरा गुरुवार

गुरुवारी देविकाला सुट्टी. बाकीचे दिवस ती कार्डिफच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि येईल त्याला सांगते, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना घेऊन कुठेतरी जायचं, असं तिनं मे महिन्यातच ठरवलं होतं. सुप्रभाबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्याआधीच्या ऑक्टोबरात आप्पा गेले, आणि तेव्हापासून बाईंचं जेवण म्हणजे अर्धी पोळी आणि ताटाच्या कडेनं फिरणारं एक बोट. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. देविकानं शिरा केला, साटोऱ्या केल्या, पुण्याहून चितळ्यांच्या वड्या मागवल्या. बाई म्हणायच्या, "छान झालंय गं," आणि बशी पुढे सरकवायच्या.

मग एकदा बस चुकली. स्टॉपसमोर एक चिनी बेकरी होती. एका बाजूला पैसे टाकून कपडे धुवायचं लाँड्रेट, दुसऱ्या बाजूला फोन दुरुस्तीचं दुकान, आणि मधल्या चिमटीत ही.

"आई, इथे तुमच्याजोगं काही नसेल हं."

"चहा तर असेल? का चहातही कोंबडी घालतात?"

चहा होता. आटवलेल्या दुधाचा, दाट, विटकरी रंगाचा. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. "अगं, हा तर आपल्या अमृततुल्यचा सख्खा भाऊ!"

तिथे प्रत्येकानं हातात ट्रे आणि चिमटा घ्यायचा आणि आपलं आपण उचलायचं. बाईंना चिमटा आवडला. त्या एका चपट्या, पापुद्र्याच्या गोल खाऱ्या बिस्किटासारख्या दिसणाऱ्या पेस्ट्रीपाशी थांबल्या. देविकानं मालकीणबाईंना, मिसेस लामना, विचारलं, आत काय?

"विंटर मेलन."

देविकानं फोनवर चित्र शोधून दाखवलं. बाई ओरडल्याच, "कोहळा? चिन्यांकडे कोहळा?"

"मीट आहे का?" देविकानं विचारलं.

"नो मीट. भाजी आहे, गोड केलेली."

"एग?"

"वरून लावते. शाइन येते."

त्या दिवशी बाईंनी नुसता चहा घेतला. पण पुढच्या गुरुवारी मिसेस लामनी आतून दोन पेस्ट्र्या आणल्या, वरून अंडं न लावलेल्या. चकचकीत बहिणींमध्ये पावडर न लावता आल्यासारख्या फिकट. "फॉर मदर," त्या म्हणाल्या.

बाईंनी तुकडा मोडला. चावला. डोळे मिटले. पूर्ण संपवली. मग बोटाला चिकटलेले तीळसुद्धा टिपले.

"कोहळेपाक. आमच्या ह्यांना वेडच होतं. लग्नात जावई कशावर रुसला माहितेय? कोहळेपाक पंगतीत कमी पडला म्हणून!" आणि त्या हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मिसेस लामना दोन प्रश्न विचारले गेले, त्यांनी दोन्हींची खरी उत्तरं दिली. तिसरा प्रश्न देविकाच्या मनातच आला नाही. जिथं जन्मभर आत काय भरलंय एवढंच विचारायचं आणि बाहेरचं मोहन तेलातुपाचंच असणार हे गृहीत धरायचं, अशा घरातून ती आलेली.


लेबल

अकराव्या गुरुवारी तिनं घरी न्यायला सहाचा खोका घेतला. सुट्या मालावर काही लिहिलेलं नसतं. बंद खोक्यावर लिहावं लागतं. बसमध्ये तिनं सहज वाचलं.

मैदा. साखर. कोहळा. तीळ. लार्ड.

लार्ड म्हणजे डुकराची चरबी.

शेजारी बाई खिडकीबाहेर बघत होत्या. अंड्याचा हात लागलेलं भांडंसुद्धा वेगळं घासणाऱ्या. देविकानं श्वास रोखून धरला. मग नखानं लेबल खरवडून काढलं, त्याची गोळी केली आणि कोटाच्या खिशात टाकली.


सांगण्याचा पहिला प्रयत्न

"आई, ते बेकरीतलं..."

"हो गं, मीही तेच म्हणणार होते. वजन केलं सकाळी. चार किलो वाढलंय! क्षितिजला सांग, म्हणावं तुझी आई आता उडून नाही जायची."


दुसरा

हा नवऱ्यापाशी. क्षितिज लॅपटॉप मिटून ऐकत होता.

"तू सांगणार नाहीयेस," तो म्हणाला.

"पण त्यांना..."

"देवू, शी इज ईटिंग. नोव्हेंबरला परत जाईल ती. कोणाचं काय बिघडलं?"

"तुझी आई आहे ती."

"म्हणूनच म्हणतोय."

त्याच्या त्या वाक्यावर टेकून देविका तीन आठवडे उभी राहिली. टेकायला भिंत आपणच शोधली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.


तिसरा

झाला नाही.

त्याऐवजी तीन गुरुवार झाले. पहिले अकरा ही चूक होती. हे तीन म्हणजे देविका होती. समोर बसायची, लेमन टीमधलं लिंबू चमच्यानं ठेचत, आणि बाईंच्या हनुवटीवरचे पापुद्रे बघत. बाई दुसरी पेस्ट्री अर्धी मोडून तिला द्यायच्या. देविका चिकन खाते, तिला काय त्याचं? पण ती तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायची.


मग बाई म्हणाल्या

"ह्यांचं वर्षश्राद्ध आलं. पानात कोहळेपाक हवा होता. इथे कोहळा मिळत नाही, तुझी ती लेस्टरची मैत्रीण पाठवेल तेव्हा पाठवेल. मी म्हणते, आपल्या बेकरीतलेच दोन वाढू."

"पानात?"

"का? चिनी बाईच्या हातचं म्हणून? हात स्वच्छ आहेत तिचे. आणि जीव लावून करते."

त्या दुपारी देविका एकटीच बेकरीत गेली आणि तिसरा प्रश्न विचारला. मिसेस लामच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "तू मीट विचारलंस," त्या हळू म्हणाल्या. "फॅट नाही विचारलंस."

"माझीच चूक आहे."

"मी व्हेजिटेबल फॅटमध्ये करते. पण त्यात पापुद्रे तसे सुटत नाहीत."

सुटले नाहीतच. पुढच्या गुरुवारी बाईंनी एक घास घेतला आणि बशी पुढे सरकवली. तेच बोट, तीच कड. "आज हात बिघडलाय हिचा. श्राद्धाला मात्र नेहमीसारखे कर म्हणावं."


श्राद्धाची सकाळ

नऊ वाजता बेकरी उघडली. मिसेस लामनी काउंटरवर दोन खोके ठेवले. दोन्हींत दोन-दोन, दोन्ही फिकट, वरून अंडं न लावलेले.

"हे नवीन. हे नेहमीचे," त्या म्हणाल्या. "मी ठरवू शकत नाही. तुझ्या घरचं आहे."

देविकानं दोन्ही उचलले.

घरी क्षितिज सोवळं नेसून लॅपटॉपसमोर बसला होता. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर विधी सांगून झाले होते आणि आता त्यांचं नेट गेलं होतं. स्वयंपाकघरात बाई केळीच्या पानावर भात वाढत होत्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं जागच्या जागी. पानाच्या कडेला चार बोटं जागा मोकळी ठेवलेली.

"आण. उघड."

देविकानं दोन्ही खोके ओट्यावर ठेवले. हात धुतले. का धुतले, तिलाच कळलं नाही.

"आई, यातला एक आप्पांच्या पानात चालणार नाही. नेहमीचा. त्यात डुकराची चरबी आहे. पहिल्यापासून होती."

कुकरची वाफ सुटत होती. बाहेर क्षितिज "हॅलो, गुरुजी, हॅलो" करत होता.

"किती गुरुवार?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. काल, म्हणता आलं असतं.

"अकराव्याला."

बाईंनी हातातली पळी खाली ठेवली. बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. एकदा, दोनदा, खूप वेळा. मग नळ बंद करून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अकरा माझ्या नशिबाचे. कुणाला बोल लावू? पण तीन वेळा तू समोर बसून बघत होतीस."

"तुम्ही जेवायला लागला होतात."

"ते माझं मी बघितलं असतं गं. मला विचारायचं होतंस."

बाई पुन्हा आंघोळीला गेल्या. ओले केस बांधून आल्या, नवा खोका उघडला आणि तो हात बिघडलेला कोहळेपाक मोकळ्या जागेत वाढला.

घास पेस्ट्रीसकट मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवला. कावळा कुठला, एक दांडगा सीगल उतरला आणि अख्खी पेस्ट्री गिळून गेला.

"ह्यांचंही असंच," बाई म्हणाल्या. "न चावता." त्या हसल्या नाहीत.


नंतरचा गुरुवार

देविकानं विषय काढला नाही. अकरा वाजता बाईच कोट घालून दारात उभ्या. "चल. चहा घेईन मी. नुसता."

मिसेस लाम स्वतः चहा घेऊन आल्या. सोबत बशीत एक पेस्ट्री होती, वरून अंडं न लावलेली. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही, पण ती मोडायच्या आधीच नेहमीसारखे पापुद्रे उडत होते. वाढून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या बशी परत उचलायला लागल्या. बाईंनी बशीवर हात ठेवला.

"राहू दे." आणि ती देविकापुढे सरकवली. "तू खा."

"मला नको, आई."

"खा. तुला चालतं ना?"

देविकानं तुकडा मोडला. बाई दोन्ही हातांत कप धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, ती चावेपर्यंत, गिळेपर्यंत.

"कसं लागतंय?"

"चांगलं."

"तसं नको. नीट सांग. मला आता ऐकून ऐकूनच खायचंय ते."

देविकानं दुसरा तुकडा तोंडात घातला आणि सांगायला सुरुवात केली, पापुद्र्यापासून.